दारावरचा लाल गोंडा

आयरीन, मागच्या आठवड्यात एका सकाळी मी बाथरूमचं दार उघडं ठेवून आंघोळ केली. घरात दुसरं माणूसच नाही, मग लाज कुणाची, असं तू म्हणशील. लाजेचा प्रश्नच नाही गं. आत घसरून पडले आणि कडी आतून लागलेली असली तर, या भीतीने उघडं ठेवलं. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून साबणाशेजारी ठेवला होता. फोन करणार कुणाला, ते मात्र ठरवलं नव्हतं. इथे आखातात, हूऱ्यातल्या या बिल्डिंगमध्ये, असा फोन मी तुलाच केला असता.

तू जाऊन अजून पंधरवडासुद्धा झाला नाही. चर्चमध्ये तुझ्यासाठी मिस्सा झाली तेव्हा सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. हॉटेलच्या मॅनेजरने तुझ्या हाऊसकीपिंगचं कौतुक केलं, फादरांनी तुझ्या श्रद्धेचं केलं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि डोक्यात एकच विचार घोळत होता, की आता माझं काय? मी पडले, छातीत कळ आली, तर ते कळणार कुणाला? तुझ्यासाठी रडताना माझं अर्धं रडू त्या भीतीचं होतं. तुला सांगायला हरकत नाही. माझं रडू खरं किती आणि नाटक किती, ते तुला नेहमीच कळायचं.

परवा बांगडे आणले. लग्नापर्यंत अंड्यालाही न शिवलेल्या माझ्यासारख्या पुणेकरणीला काटे काढून मासा खायला तूच शिकवलंस, आणि मग माझ्या ताटातलाच तुकडा उचलून "वाया घालवतेस" म्हणायचीस. तव्यावर टाकले, छान झाले, वासही सुटला. पहिला घास तोंडाशी नेला आणि हात थांबला. काटा घशात अडकला तर पाठीत धपाटा घालणार कोण? सगळे बांगडे खाली पार्किंगमधल्या मांजरींना दिले आणि दहीभात खाल्ला. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा होता, तोही तसाच राहिलाय. स्वयंपाकघरात मी आता अंदाजाने वावरते.

मुग्धाला सांगितलं तर ती कॅनडातून म्हणाली, "आई, जस्ट गेट अ स्मार्टवॉच, ना. यू फॉल, इट कॉल्स मी."

"तुला कळवेल गं," मी म्हटलं, "पण तू तिथून काय करणार?"

ती म्हणाली, "आय नो, आई." तिच्या आवाजात जे होतं ते ऐकून मीच घाबरले आणि म्हटलं, मी मजेत आहे, तू काळजी करू नकोस. आता तिच्याशी बोलायच्या आधी मी घसा साफ करून घेते, म्हणजे आवाज ठणठणीत येतो.

ही भीती माझ्या घरात शिरली ती तुझ्या चीनच्या सफरीनंतर. त्याआधी आपण दोघी म्हाताऱ्या होत होतो, पण त्याकडे बघत नव्हतो. नेल्सन, तुझा एकुलता एक, शिपिंगच्या नोकरीसाठी चीनला गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. त्याची सासू राहते त्या सीनियर लिव्हिंगमध्ये पाहुण्यांना महिनाभर राहून बघता येतं, तर तू लेकाच्या घरात न उतरता थेट तिच्या शेजारच्या खोलीत जाऊन राहिलीस! मी इथे सगळ्यांना सांगत होते, आमची आयरीन सुट्टी घालवायला वृद्धाश्रमात गेली आहे.

"वृद्धाश्रम नाही, शोभाबाय. सीनियर लिव्हिंग."

"इंग्रजीत नाव घेतलं की गुडघे दुखायचे थांबतात का?"

"थांबत नाहीत. पण तिथे गुडघे दुखले तर खाली क्लिनिक आहे. इथे दुखले तर तू आहेस, आणि तू नुसता बाम देतेस."

परत आल्यावर आठवडाभर तू मला ती इमारत मजल्यामजल्याने दाखवलीस, तुझ्याच हॉलमध्ये बसून, चहाचा कप हातात धरून. सगळा जन्म हॉटेलच्या खोल्या तपासण्यात गेलेला, त्यामुळे तू तिथेही पलंगाखाली हात फिरवून पाहिला होतास. धूळ नव्हती. टॉवेल जरा खरखरीत, चादरीचे कोपरे नीट दुमडलेले. कॉरिडॉरला दोन्ही बाजूंनी धरायला लाकडी दांडे, भिंतींचे कोपरे गोल केलेले, लिफ्टमध्ये बसायला छोटं बाकडं. जेवणाच्या हॉलमध्ये पदार्थांचे फोटो लावलेले, डायबेटिसवाल्यांच्या ट्रेला वेगळ्या रंगाची पट्टी, दात नसलेल्यांसाठी सगळं मऊ. बागेत भाजीचे वाफे कमरेएवढ्या उंचीवर बांधलेले, म्हणजे वाकायला नको. खाली न्हावी, पाय शेकायला लाकडी टब, सुया टोचणारे डॉक्टर, बाजारात नेणारी बस आणि दिवसभर सोंगट्यांचा खडखडाट चाललेली ती माहजाँगच्या खेळाची खोली.

बाथरूमबद्दल सांगताना तर तू उठून उभीच राहिलीस. "तिथे एक लाल दोरी आहे. ओढली की बेल वाजते. पण ती कुठवर येते, सांग."

"हाताशी येत असेल."

"जमिनीपर्यंत! अगदी फरशीला टेकते. कारण पडलेलं माणूस जमिनीवर असतं, बाय. आमच्या हॉटेलात दोरी वर, उभ्या माणसाच्या हाताशी. उभ्या माणसाला दोरी कशाला हवी? एवढी वर्षं मी रोज ती दोरी पुसली आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही."

मी हसले होते. पण त्या दिवशी घरी येऊन मी माझ्या बाथरूमच्या फरशीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. फार गुळगुळीत आहे गं ती.

बोंबलांची गोष्ट मात्र मी सगळ्यांना सांगितली आहे. तिथलं जेवण आठवडाभर खाल्ल्यावर तुझी जीभ रडकुंडीला आली, तू बॅगेतून वसईचे सुके बोंबील काढलेस आणि मजल्यावरच्या सामायिक किचनमध्ये भाजायला घेतलेस. आगीची घंटा वाजली. सगळे आजी-आजोबा काठ्या टेकत बाहेर आले, दोन पोरी आग विझवायचे सिलिंडर घेऊन धावत आल्या, आणि धुरात तू चिमटा धरून उभी. कुणी रागावलं नाही म्हणालीस. नेल्सनच्या सासूने एक बोंबील उचलून खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं तरी दुसरा उचलला. त्यानंतर तुम्ही दोघी रोज दुपारी एका बाकावर बसून शेंगा सोलायच्यात. ती तिच्या भाषेत बोलायची, तू वसईच्या बोलीत, आणि फोनमधलं भाषांतर तुम्ही कधीच बंद करून टाकलं होतं. मला, खरं सांगू, त्या बाईचा हेवा वाटला होता.

वरच्या मजल्याबद्दल तू फार बोलली नाहीस. तिथे विसरायला लागलेली माणसं राहतात. बाहेर जायचं दार भिंतीसारखंच रंगवलेलं, कुणाला दिसू नये म्हणून. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलंस.

"म्हणजे एकदा वर नेलं की खलास," मी म्हटलं.

"खलास नाही. रोज बागेत आणतात त्यांना, हात धरून. मी बघितलंय."

"तुला नेलं वर, तर तू कुठल्या भाषेत घाबरशील तिथे?"

तू कप उचलून आत गेलीस आणि नळ जोरात सोडलास.

मग तो गोंडा. येताना तू दोन आणलेस, लाल रेशमी दोऱ्याची गाठ आणि खाली लोंबता झुपका, एक तुला, एक मला. तिथे प्रत्येकाच्या दाराला असा असतो. रात्री झोपायच्या आधी बाहेरच्या हँडलला अडकवायचा, सकाळी उठलं की आत घ्यायचा. न्याहारीची वेळ टळली तरी कुणाचा गोंडा बाहेर लोंबत असला की मुलगी दार उघडून सरळ आत येते. तुला याचं फार अप्रूप होतं. "आमच्या हॉटेलात दारावर काही लटकत असलं की आम्ही जात नाही," तू म्हणालीस, "आणि तिथे लटकतंय म्हणून धावत येतात." हॉटेलातली एक आठवण तू मला तेव्हाच सांगितलीस. एक पाहुणा, एकटाच उतरलेला, दोन दिवस दार बंद. शेवटी तुझ्या चावीने तूच दार उघडलंस. काय दिसलं ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. फक्त म्हणालीस, "दार उघडायची मला भीती नाही, शोभाबाय. कुणी उघडायला येणार नाही, याची आहे."

त्या गोष्टीतच गरम पाण्याचा विनोद होता. संध्याकाळी जेवणं झाली की एक मुलगी ढकलगाडीवर थर्मास घेऊन मजल्यावर फिरते, प्रत्येकाला गरम पाणी देते. पोट दुखतंय, गरम पाणी. झोप येत नाही, गरम पाणी. सून बोलत नाही, गरम पाणी! तू त्या मुलीची नक्कल करायचीस, वाकून, दोन्ही हातांनी थर्मास धरून. आपण हसून हसून लोळलो. मी म्हटलं, आपल्याला तो थर्मास नको, गोंडा पुरे. तूही म्हणालीस, गोंडा पुरे.

आपलं ते ठरलं. एकाच मजल्यावर समोरासमोर दारं, मध्ये तिसरं त्या इजिप्शियन नादियाचं, जिने आपल्या सुक्या मासळीच्या वासाबद्दल मालकाकडे तक्रार केली होती. रात्री तू तुझा गोंडा अडकवायचीस, मी माझा. सकाळी मीना सलमान बंदरातल्या ऑफिसला निघताना मी तुझ्या दाराकडे बघायची. हँडल मोकळं, म्हणजे बाई उठल्या. एकदा तू उशिरा उठलीस आणि मी दार इतकं बडवलं, की तू केस विस्कटलेल्या अवतारात बाहेर येऊन मला वसईच्या बोलीत जे काय बोललीस, ते मला कळलं नाही यातच माझं भलं होतं. पण त्या दिवशी मी ऑफिसात दिवसभर खुशीत होते. आपली युक्ती चालते, हे दिसलं होतं.

मग अदलिया भागातल्या त्या कॅफेत तू मला वाढदिवसाचा केक खायला नेलंस आणि केक येताच सांगून टाकलंस, की डिसेंबरात व्हिसा संपला की तू चीनला जाणार, त्याच शेजारच्या खोलीत, कायमची.

मला काय काय बोलता आलं असतं! आणि मी काय बोलले? तिथे तुझं नावही कुणाला धड घेता येत नाही म्हणाले. तिथे गेलीस तर शेवटच्या वेळी तुझी प्रार्थना कोण म्हणेल, असं म्हणाले. तिथे तू बोंबील भाजणारी एक परकी म्हातारी आहेस म्हणाले.

"मग कुठे जाऊ?" तू विचारलंस. "वसईचं घर बंद आहे. तुझाही व्हिसा साठीला संपेल आणि तू पुण्याला जाशील. पुण्याहून रोज सकाळी येणार आहेस का माझं दार बघायला?"

"मी येईन नाहीतर न येईन. तू खुशाल जा. तुझं ठरलंच आहे ना?"

"हो, ठरलंय."

"मग जा."

टॅक्सीत आपण दोन खिडक्यांतून दोन बाजूंना बघत बसलो. मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस, मला इथे एकटीला भीती वाटते. चीनविरुद्ध मी इतकी कारणं दिली, त्यात हे एकच खरं होतं आणि तेवढंच सांगायचं राहिलं. ते आज म्हणते. जाऊ नकोस गं. आता म्हणून काय उपयोग, पण म्हणते.

बोलणं बंद झालं, पण गोंडे चालू राहिले. तुझी मला गंमतच वाटली. तोंड फुगवलंस तरी रात्री गोंडा बाहेर, सकाळी आत, अगदी शिस्तीत. मीही तसंच. भांडणाचा त्या गोंड्यांशी संबंध नव्हता. मी मनात म्हणायची, बघू आधी कोण बोलतं ते.

आणि त्या सकाळी मी दाराला कुलूप लावून वळले, तुझ्या हँडलकडे पाहिलं. मोकळं होतं. म्हटलं, बाईसाहेब उठल्या, अजून फुगलेल्या आहेत. मी जिन्याने गुणगुणत खाली उतरले. संध्याकाळी परत आले, हँडल मोकळंच, संध्याकाळी असतंच ते. रात्री मी माझा गोंडा लावला तेव्हाही तुझा नव्हता, म्हटलं, झोपताना लावेल. दुसऱ्या सकाळी पुन्हा मोकळं, मी पुन्हा निश्चिंत. ऑफिसात बसून कंटेनरची बिलं तपासत होते तेव्हा तुझ्या हॉटेलातून फोन आला, की तू शिफ्टला आली नाहीस, काल नाही आणि आजही नाही, आणि तुझ्या कागदांवर कळवायला माझंच नाव आहे.

मालकाच्या माणसाने पोलिसांसमोर दार उघडलं. तू हॉलमधल्या खुर्चीत होतीस, पायात सपाता, समोर टीव्ही चालू. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी नाही, त्याच्याही आदल्या संध्याकाळी, एका क्षणात, काही कळलंही नसेल, कुणी जवळ असतं तरी काही करता आलं नसतं. मी त्यांचा हात धरून हे पुन्हा पुन्हा विचारलं. ते बिचारे पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. माझा विश्वास आहे त्यांच्यावर. पण आयरीन, त्या संध्याकाळपासून तू आत तशीच बसली होतीस आणि मी तुझ्या दारासमोरून जात येत होते, मोकळं हँडल बघून खुशाल. तुझा गोंडा दाराच्या आतल्या खुंटीवर होता, दिवसभर असतो तिथे. रात्री तो बाहेर लावायला तू उरलीच नव्हतीस.

आपली युक्ती कुठे चुकली, ते मला नेल्सनने उलगडून सांगितलं. तुला वसईला नेण्यासाठी तो आला होता. तुझ्या घरातलं सामान बांधताना त्याच्या हाती तो गोंडा आला. मी त्याला आपली युक्ती सांगितली आणि म्हटलं, "पण ती चुकली रे. तिथे कशी चालते मग?"

"आंटी, तिथे संध्याकाळी थर्मासवाली येते ना," तो म्हणाला. "पाणी देते आणि माणूस बघते. मग तिच्यासमोर गोंडा बाहेर लावायचा. ज्याच्या दाराला नाही लागला, तिथे ती हलत नाही. नर्सला बोलावते. आईने नाही सांगितलं?"

सांगितलं होतंस. नक्कल करून सांगितलं होतंस. आपण गोंडा घेतला आणि थर्मास हसण्यावारी नेला. रात्री कोण पितं गरम पाणी! तुलाही ते सुचलं नाही, मलाही नाही. दोघी शहाण्या, एकीने आयुष्यभर खोल्या तपासल्या, दुसरीने बिलं. मला आता सगळ्यात जास्त भीती त्या मोकळ्या हँडलची वाटते. ऑफिसातलं कुणाचं केबिन, बँकेचं दार, काहीही. मोकळं हँडल दिसलं की मी पाहत उभी राहते. परवा एका परक्या दारासमोर अशी उभी राहिले, तर आतला माणूस बाहेर येऊन विचारायला लागला, काही हवंय का म्हणून.

नेल्सनने जाताना विचारलं, "तुम्ही या ना आंटी, महिनाभर राहून बघा. आईची ती खोली सासूबाईंनी कुणाला देऊ दिली नाही अजून. मी सांगितलं त्यांना, तरी विचारतात, ती कधी येणार." मी बघू म्हणाले. त्याने तुझा गोंडा मला दिला. माझ्याकडे आता दोन आहेत आणि समोरचं दार बंद आहे. तुला वसईत तुझ्या नवऱ्याशेजारी ठेवलं, तिथून त्याने फोटो पाठवला. फुलं खूप होती. मी तो फोटो एकदाच पाहिला.

मी मग काय केलं ते ऐक, हसू नकोस. जुना स्टीलचा थर्मास घासूनपुसून काढला, त्यात चहा भरला आणि नादियाचं दार वाजवलं. हो, तिचंच. दुसरं होतं कोण? मालकाकडे तक्रार करणाऱ्या बाईसमोर जाऊन, मला एकटीला मरायची भीती वाटते, असं कसं म्हणायचं? तेही माझ्या इंग्रजीत आणि तिच्या?

तिने दार उघडलं, थर्मासकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "फिश लेडी," ती म्हणाली, "युवर फ्रेंड... हराम. आय क्राय टू डेज." आणि मला आत ओढून बसवलं. 'हराम' म्हणजे त्यांच्यात 'बिचारी', हे मला मागाहून कळलं.

मी तिला गोंडे दाखवले. ती एकदम मागे सरकली. आपल्या दारांवर ते लटकताना तिने पाहिले होते आणि नजर लागू नये म्हणून बांधलेला काही तोडगा असेल असं समजून ती त्यांना लांबूनच वळसा घालायची! मी सगळं सांगितलं, हातवारे करून, चीन, थर्मास, खुर्ची, सगळं. मधेच रडले. ती शाळेत शिकवते, त्यामुळे दोनदा म्हणायला लावून नीट समजून घेतलं तिने.

"माय सन इन जर्मनी," ती मग म्हणाली. "आय आल्सो, एव्हरी नाईट, आय थिंक. हू विल नो?" आणि तुझा तो दुसरा गोंडा माझ्या हातातून घेऊन म्हणाली, "यल्ला, वी डू. इव्हनिंग, फर्स्ट टी, देन रेड थिंग. नो रेड थिंग, आय ब्रेक डोअर."

दोन-तीन दिवस नीट चाललं. पण मला त्या बाईवर भरवसा नव्हता. ती तुझ्यासारखी नाही, शेवटी शेजारीण, विसरेल, कंटाळेल, टीव्ही बघत बसेल असंच वाटायचं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी तिच्या पावलांचा कानोसा घेत होते. तुझ्या पावलांचा कधी घेतला नव्हता. गरजच पडली नव्हती.

काल संध्याकाळी ऑफिसातून आले ती दमून. धूळ उडाली होती दिवसभर, केस धुवायला बाथरूममध्ये गेले, दार अर्थातच उघडं. दिवेलागणीची मगरिबची अजान होऊन गेली, चहाची वेळ टळली, मला भानच नाही. डोळ्यांत शाम्पू गेला होता. आणि अचानक दार इतक्या जोरात वाजायला लागलं की मी जागच्या जागी थिजले. बिल्डिंग पडतेय की काय असं वाटलं. बाहेरून ओरडणं, "फिश लेडी! फिश लेडी! ओपन!" आणि मग अरबीत काहीतरी, फार मोठ्याने, जणू देवालाच हाक.

टॉवेल गुंडाळून, भिंत धरत, पाय जपून टाकत मी दारापर्यंत गेले. नादिया उभी होती. एका पायात एक चप्पल, दुसऱ्यात वेगळीच, हातात लाकडी डाव, डोक्यावरचा स्कार्फ अर्धा सुटलेला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला उभी पाहून तिने तो डाव माझ्या दंडावर हाणला, लागेल असा, आणि भिंतीला टेकून हुंदके द्यायला लागली. माझ्या केसांतून फेस तिच्या पायांवर गळत होता. ती घाबरली होती आणि मी घाबरले होते, आणि आम्ही दोघी एकमेकींना धरून उभ्या होतो.

माझं दार वाजलं गं, आयरीन. तुझंही असंच वाजायला हवं होतं.